तोट्यातलं साप्ताहिक विकायला निघालं, की आधी वर्गणीची वही मागा

ताळेबंद वाचता येतो, घसारा म्हणजे काय ते ठाऊक आहे, असं धरूनच पुढचं लिहिलं आहे. नियतकालिकाच्या विक्रीवर पहिल्यांदा काम करणारा नफ्या-तोट्याच्या पत्रकाला सहसा फसत नाही. तो फसतो बँकेतली शिल्लक बघून.

सरावासाठी 'बिझनेसवीक'चा व्यवहार घ्या. सप्टेंबर १९२९ मध्ये, वॉल स्ट्रीट कोसळण्याच्या काही आठवडे आधी सुरू झालेलं हे अमेरिकी साप्ताहिक मॅकग्रॉ-हिल या प्रकाशन कंपनीने ऐंशी वर्षं चालवलं. २००८ च्या मंदीनंतर जाहिराती आटल्या. जुलै २००९ मध्ये गिऱ्हाईक शोधायला सुरुवात झाली, ऑक्टोबरात ब्लूमबर्ग या आर्थिक बातम्या-माहितीच्या कंपनीशी ठरलं आणि १ डिसेंबरला व्यवहार पुरा झाला. खप नऊ लाखांवर होता. तेव्हाच्या बातम्यांनुसार रोख किंमत होती २० ते ५० लाख डॉलर, म्हणजे वर्गणीदारामागे सहा डॉलरसुद्धा नाहीत.

यावर नवखा म्हणतो, "कवडीमोलाने गेलं." पण विक्रेत्याची वही बघा: मॅकग्रॉ-हिलने या विक्रीवर १ कोटी ५ लाख डॉलर करपूर्व नफा दाखवला. हाती आलेल्या रोखीपेक्षा नफा जास्त कसा? विकलेल्या मालमत्तेपेक्षा अंगावरून उतरलेली देणी मोठी असली, तरच हे गणित जुळतं. नियतकालिकात अशा देण्यातला मोठा वाटा वर्गणीचा असतो. इथे घाई करू नका, हा भाग दोनदा वाचा.

वाचकाने वर्षाच्या ५० अंकांचे ४० डॉलर आगाऊ भरले. पैसे आज बँकेत आले, पण ते अजून तुमचे नाहीत. अंकागणिक ८० सेंट कमाई होते. २० अंक पोचले, की १६ डॉलर उत्पन्न आणि उरलेले २४ डॉलर देणं. असे एक लाख वर्गणीदार असतील तर देणं २४ लाख डॉलर. दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी घेतली आणि पैसे कागदवाल्याला देऊन टाकले, तरी अंक द्यावाच लागतो. तसंच हे.

मंदीत हा सापळा जास्त घट्ट होतो. जाहिराती घटल्या, की वितरण विभाग तीन-तीन वर्षांच्या सवलतीच्या वर्गण्या विकतो. रोख वाढते, शिल्लक ठीक दिसते आणि देण्याचा डोंगर पुढच्या मालकाकडे सरकतो. वर एजंटाचं कमिशन. वाचकाने ४० भरले आणि एजंटाने १५ ठेवून घेतले, तरी ५० अंक पाठवायचेच. त्यामुळे खात्यात देणं ४० ने लिहिलंय की २५ ने, हे विचारल्याशिवाय कुठलाही आकडा पुढे नेऊ नका.

मोजायचं कसं? वर्गणीदारांची मूळ यादी मागा, सारांश नको. प्रत्येकाचा शेवटचा अंक कोणता, पैसे किती आले, कुठून आले. उरलेले अंक गुणिले दर, आणि बेरीज खातेवहीशी ताडा. फरक आला तर बहुधा मुदत संपूनही पाठवले जाणारे अंक किंवा न वसूल झालेली बिलं निघतात. मग दुसरा आकडा काढा: अंक प्रत्यक्ष पोचवायचा खर्च. कागद, छपाई, टपाल मिळून ६० सेंट धरले, तर वरचं देणं रोखीत १८ लाखांचं होतं. विक्रेता १८ म्हणेल, तुम्ही २४ पासून सुरुवात करा. घासाघीस या सहा लाखांवरच होते.

हे गणित अवघड नाही. एकदा हाताने केलं, की कायमचं बसतं. पण 'किंमत म्हणजे उलाढालीच्या अमुक पट' असं सूत्र हातात देणाऱ्या वरिष्ठांचं ऐकू नका. तोट्यातल्या साप्ताहिकाला ते लावणं चुकीचंच आहे. 'टीव्ही गाइड' मासिक २००८ मध्ये आणि 'न्यूजवीक' २०१० मध्ये एकेका डॉलरला गेलं. कुठल्याही पटीने तो एक डॉलर येत नाही, देणी मांडल्यावर येतो.

जाहिरातदारांना दिलेली खपाची हमीही बघा. जाहिरातींचे भाव त्या हमीवर ठरतात. तोट्याच्या वर्गण्या बंद केल्या तर हमी मोडते आणि भरपाई म्हणून फुकट पानं द्यावी लागतात. बंद नाही केल्या, तर प्रत्येक अंकावर पैसे जातात. छापखान्याच्या करारात किमान प्रतींची अट आहे का आणि कामगारांची नुकसानभरपाई कोण देणार, या दोन गोष्टी वकिलाकडून लेखी घ्या.

सही आणि ताबा यांत काही आठवडे जातात. 'बिझनेसवीक'च्या वेळी सुमारे सात गेले. त्या काळात विक्रेता नूतनीकरणाची पत्रं धडाधड पाठवून रोख स्वतःकडे ठेवू शकतो. म्हणून करारात तारखेबरोबर अंकाचा क्रमांक लिहा: या अंकापुढच्या वर्गणीचा प्रत्येक पैसा खरेदीदाराचा, आणि ताब्याच्या दिवशी देणं ठरलेल्या आकड्यापेक्षा जितकं जास्त भरेल, तितकी किंमत कमी.