अकरावीनंतरची सुट्टी आणि बारावीनंतरची शिष्यवृत्ती : तयारी कशी करावी

बारावीचा निकाल लागला की घरोघरी शिष्यवृत्तीची चौकशी सुरू होते. तोवर बराच उशीर झालेला असतो. गुण कमी पडले म्हणून संधी हुकते हे खरंच. पण गुण असूनही दाखल्यावरची तारीख, आधारवरचं स्पेलिंग किंवा बंद पडलेलं खातं यापायी पैसे अडकलेली मुलं कुठल्याही महाविद्यालयाच्या स्कॉलरशिप खिडकीवर भेटतात. ही सगळी कामं अकरावीची वार्षिक परीक्षा संपली की हाती घ्यायची. बारावीनंतरची सुट्टी नावापुरतीच असते : एप्रिल-मेमध्ये एमएचटी-सीईटी, मेच्या सुरुवातीला नीट, त्यामागोमाग जेईई ॲडव्हान्स्ड आणि मग प्रवेशाच्या फेऱ्या. मोकळा असतो तो अकरावी आणि बारावीच्या मधला मे महिना.

पायरी १ : नाव आणि खातं

दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. ज्ञानेश्वर हे नाव एका कागदावर ‘डी’ने सुरू होतं, दुसऱ्यावर ‘जे’ने, ‘वैष्णवी’च्या शेवटी कुठे ‘आय’, कुठे ‘वाय’. तफावत दिसली तर दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण मानून आधार दुरुस्त करून घ्या, कारण मंडळाच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती फार वेळखाऊ असते. मात्र आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे केंद्रावरून उठण्याआधी पडद्यावरचं स्पेलिंग स्वतः वाचा.

आता खातं. ‘आधार लिंक आहे’ एवढं बँकेने सांगून भागत नाही. केवायसीसाठी आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी अनुदान जमा होण्यासाठी खातं आधारशी ‘सीड’ झालेलं असणं वेगळं. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की सध्या कोणती बँक नोंदलेली आहे ते कळतं. पैसे त्याच खात्यात जातात, अर्जात दुसरा खाते क्रमांक लिहिला तरी. मधल्या काळात कुणाच्या आग्रहावरून टपाल बँकेत नवं खातं उघडलं असेल तर सीडिंग तिकडे सरकलेलं असू शकतं, आणि मुलगा जुनं पासबुक भरून आणत वाट पाहत बसतो.

आणखी दोन खाचखळगे. शाळेत असताना उघडलेलं खातं अल्पवयीन (मायनर) म्हणून पालकांमार्फत चालणारं असतं. अठरा पूर्ण झाले की नवी सही आणि नवी केवायसी दिल्याशिवाय त्यातले व्यवहार थांबतात. आणि दोन वर्षं व्यवहारच झाला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. खातं कमी कागदपत्रांवर उघडलेलं ‘स्मॉल अकाउंट’ असेल तर त्यात ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. बँकेत जाऊन ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

मोबाइल क्रमांक आणि ईमेल घरचेच द्या. सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो आणि पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडे जातो.

पायरी २ : दाखले

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून, ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतो. शेती किंवा मजुरीचं उत्पन्न असेल तर तलाठ्याचा अहवाल लागतो, नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा पगारपत्रक. उत्पन्नाच्या दाखल्याची वैधता ३१ मार्चशी बांधलेली असते. बारावीच्या वर्षातल्या जानेवारीत हौसेने काढून ठेवलेला एक वर्षाचा दाखला जूनमध्ये निरुपयोगी ठरतो. म्हणून हा एकच दाखला बारावीची परीक्षा झाल्यावर काढायचा : आर्थिक वर्ष संपलं की एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अर्ज टाका. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी आणि बसलेला सर्व्हर हे दोन्ही एकदमच वाट्याला येतात.

सोबत अधिवासाचा दाखला आणि राखीव प्रवर्गातल्यांसाठी जातीचा दाखला. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी आणि एसईबीसी यांना नॉन-क्रीमीलेअरही लागतं. सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात पडताळणी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर अकरावीतच महाविद्यालयामार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे प्रस्ताव पाठवा. अनुसूचित जमातींची समिती वेगळी आहे. वडिलांची, आजोबांची किंवा आत्याची शाळा सोडल्याची जुनी नोंद शोधायलाच काही आठवडे जातात. मे महिन्यात मूळ गावी जाणार असाल तर हे काम उरकून या, पण शाळा मेमध्ये बंद असते याचा हिशेब ठेवून तिथल्या लिपिकाला आधी फोन करा.

पायरी ३ : आपल्याला लागू पडणाऱ्या योजना निवडा

पंचवीस योजनांची यादी करण्यात अर्थ नाही. तीन-चारच नीट वाचा.

केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची योजना, जिला नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर ‘सेंट्रल सेक्टर’ म्हणतात, ती पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार रुपये देते, पुढे २० हजार. कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं आणि बारावीत आपल्या मंडळात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असायला हवं. इथे दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत. शंभरातली ऐंशी मुलं तुमच्या मागे असणं. कला शाखेत बऱ्याच कमी टक्क्यांनाही ही रेषा ओलांडली जाते, आणि ‘आपल्याला कुठे ऐंशी टक्के’ म्हणून ती मुलं अर्जच करत नाहीत. नूतनीकरणासाठी दरवर्षी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. ही घेताना दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही.

मूलभूत विज्ञानात रस असेल तर केंद्राच्या ‘इन्स्पायर’ योजनेतली ‘शी’ (SHE, उच्च शिक्षणासाठीची) शिष्यवृत्ती पाहा. मंडळातल्या वरच्या एक टक्क्यातल्या, बीएस्सी किंवा एकात्मिक एमएस्सीला जाणाऱ्या १७ ते २२ वयाच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ८० हजार : ६० हजार हाती आणि २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. भौतिकशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र असे विषय चालतात. आयटी, कॉम्प्युटर सायन्स, कृषी चालत नाहीत. प्रवेश घेण्याआधी विषय यादीत आहे का ते बघा, नंतर बघून उपयोग नसतो.

इंजिनीअरिंग, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे : उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर निम्मं शिक्षण शुल्क. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी आहे. आणखी एक अट, आणि ती कडक : प्रवेश कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला की हा लाभ गेला. कॉलेज निवडताना दोन्हीकडच्या चार वर्षांच्या फीचा फरक कागदावर मांडा. चकचकीत इमारतीची खरी किंमत तेव्हा दिसते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि ती अकरावीपासूनच लागू होते. त्यातला केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यातली फीची रक्कम महाविद्यालयात भरायची असते हे घरात आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती किराणा-दवाखान्यात संपते आणि परीक्षेच्या तोंडावर हॉलतिकीट अडतं.

तांत्रिक पदवी-पदविकेच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार देते. खासगीपैकी रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती व्यवहार्य आहे : बारावीला ६० टक्के, उत्पन्न १५ लाखांच्या आत, ऑनलाइन कलचाचणी आणि पूर्ण अभ्यासक्रमासाठी मिळून २ लाखांपर्यंत रक्कम.

आणि हे मनातून काढून टाका : केव्हीपीवाय (किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना) २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली, एनटीएसई (राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा) २०२१ पासून थांबलेली आहे. तरीही या नावांवर कुणी क्लासची फी मागत असेल तर तिथून उठून या.

पायरी ४ : अर्ज भरला, आता पाठपुरावा

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आधी आधारवरून एकदाच करायची नोंदणी होते, मग अर्ज. ‘सबमिट’ झाला म्हणजे संपलं असं नाही. अर्ज आधी महाविद्यालयात शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो, त्यानंतर वरच्या पातळीवर. महाविद्यालयाने मुदतीत पडताळणी केली नाही तर तुमचा बिनचूक अर्जही तिथेच राहतो. प्रत काढून, दाखल्यांचे झेरॉक्स जोडून कार्यालयात द्या, पोच घ्या आणि दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. ‘डिफेक्टिव्ह’ म्हणजे दुरुस्ती करून परत पाठवा. ‘रिजेक्टेड’ म्हणजे त्या वर्षापुरता विषय संपला. महाडीबीटीवरही अर्ज त्रुटी दाखवून परत येतो आणि त्याचा एसएमएस न आल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. मुदतवाढ अनेकदा मिळते, पण तिच्या भरवशावर शेवटचा आठवडा गाठू नका. आणि या दोन्ही पोर्टलांवर शिष्यवृत्तीच्या अर्जाचं शुल्क नसतं.

पायरी ५ : मे महिना

सुट्टीतली सगळ्यात मोलाची संधी म्हणजे विज्ञान-गणिताच्या ऑलिंपियाड स्पर्धांची निवड शिबिरं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान विषयांची शिबिरं उन्हाळ्यात होतात. तिथे पोहोचायचं तर आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाव नोंदवून नोव्हेंबरची पहिली परीक्षा द्यावी लागते. गणित ऑलिंपियाडची पहिली पात्रता परीक्षा, आयओक्यूएम, सप्टेंबरात असते : तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण. म्हणून अकरावीत पाऊल ठेवताच नोंदणी करा. बारावीत केली तर शिबिर प्रवेश परीक्षांवर आदळतं. पुढची फेरी गाठली नाही तरी हा अभ्यास वाया जात नाही. गाठली, तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि अलीकडे आयआयटी कानपूर ऑलिंपियाडमधली कामगिरी प्रवेशासाठी विचारात घेतात.

शिबिर नसेल तर पैसे भरून मिळणाऱ्या ‘इंटर्नशिप सर्टिफिकेट’च्या मागे लागू नका. स्वतःचं छोटं काम करा. उदाहरणार्थ, गावातल्या दहा विहिरींची पाणीपातळी महिनाभर दर पाचव्या दिवशी मोजा : सहा फेऱ्या, साठ नोंदी. ३० मीटरची टेप आणि तिच्या टोकाला वजन, एवढंच सामान. कठड्यावर रंगाची एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. जागा बदलली की काही इंचांचा फरक पडतो. जमिनीपासूनची खोली काढायची तर कठड्याची उंची वजा करायची. मोजणी पहाटे, मोटार सुरू होण्याआधी. मोटार नुकतीच चालून गेली असेल तर पाणी खाली दिसतं आणि नोंद फसते. कठडा नसलेल्या विहिरी वगळा, आणि सोबत कुणीतरी हवंच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. त्यांच्या मेच्या नोंदींशी आपले आकडे ताडून बघता येतात. मुलाखतीत किंवा अर्जातल्या निबंधात यावर बोलायला भरपूर काही असतं. शहरात राहत असाल तर ‘सीझनवॉच’ या झाडांच्या ऋतुबदलांची नोंद ठेवणाऱ्या लोकसहभागाच्या उपक्रमात एखादं झाड निवडून त्याच्या पालवी-फुला-फळांची साप्ताहिक नोंद करता येते.

जवळच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे प्रयोगशाळेत मदतीला जायचं असेल तर दहा ओळींच्या आत पत्र लिहा : आपण कोण, कुठल्या विषयातलं काय वाचलंय, कुठल्या तारखा मोकळ्या आहेत आणि काय करायची तयारी आहे. ‘मार्गदर्शन करावे’ एवढ्यावर कुणी उत्तर देत नाही. ‘११ ते ३१ मे रोज तीन तास येऊन नमुन्यांची नोंद ठेवू शकेन’ यावर देतात. आठवड्याने एक आठवण, मग पुढचं नाव.

घरात धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठीही एक-दोन दारं आहेत. पुण्यातल्या शाळांच्या आठवी-नववीच्या मुलांसाठी आयुका ही खगोलशास्त्र संस्था उन्हाळ्यात आठवडाभराचे प्रकल्प घेते, नावं शाळेमार्फत जातात. इस्रोचा ‘युविका’ हा शालेय मुलांसाठीचा अंतराळविज्ञान कार्यक्रम फक्त नववीसाठी आहे : साधारण दोन आठवडे निवासी, प्रवास आणि राहण्याचा खर्च इस्रोचा. निवडीत आठवीच्या गुणांना निम्मं वजन असतं आणि ग्रामीण भागातल्या शाळांना वेगळे गुण मिळतात. नोंदणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडते. दहावीत गेल्यावर ती करता येत नाही.