मनगटाची पकड सोडवण्याचा सराव

गोव्याच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे फरशी निसरडी होते, म्हणून सरावाची जागा आधी कोरडी पुसावी आणि अनवाणी उभे राहावे.

कोणी मनगट धरल्यास हात सरळ मागे खेचू नये. पकड सर्वांत कच्ची असते ती अंगठा आणि बोटे जिथे एकमेकांना भेटतात तिथे. त्यामुळे मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवावी, कोपर समोरच्याच्या दिशेने न्यावे आणि कंबर वळवत हात झटक्यात सोडवावा. जोडीदाराने आरंभी सैल धरावे व सरावानुसार पकड घट्ट करीत जावे. कराटेच्या शोतोकान शैलीतील हेइआन शोदान या काताची (ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींच्या संचाची) सुरुवात बचावाने होते आणि त्यात पकडीतून सुटण्याची हालचालही आहे. ती केवळ परीक्षेपुरती पाठ करणे मला फार खटकते.

हात सुटताच दोन पावले मागे सरून तळवे छातीसमोर उघडे ठेवावेत व मोठ्याने ‘मागे हो’ म्हणावे. शोतोकानचे जनक फुनाकोशी गिचिन यांच्या शिकवणीत पहिला प्रहार आपला नसतो, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम 37 देखील बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा देत नाही. म्हणून म्हापसा किंवा फोंड्याच्या बसस्थानकावर असा प्रसंग आल्यास सुटल्यानंतर प्रतिहल्ल्यासाठी थांबू नये, गर्दीच्या व उजेडाच्या दिशेने जावे आणि 112 वर फोन करावा.