घरशाळा सुरू केलीत? ख्रिस्ती आईवडिलांनो, या चुका टाळा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरलं की पहिल्या आठवड्यात फळा येतो, वेळापत्रक भिंतीवर लागतं आणि पाच वर्षांच्या पोराला सकाळी नऊला ‘वर्गात’ बसवलं जातं. महिन्याभरात पोर रडकुंडीला आणि आई मेटाकुटीला येते. खरं तर पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वेळापत्रक दिलेलंच आहे: घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांशी बोलत राहा. यात बाक कुठेच नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला बसून करायचं काम दिवसाला अर्धा-पाऊण तास पुरतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. बाकीची बेरीज-वजाबाकी चवळीच्या शेंगा मोडताना होते.

वचन शिक्षा म्हणून देऊ नका

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मूल खोटं बोललं की ‘जा, नीतिसूत्रांतलं वचन दहा वेळा लिही’. धाकट्याला मारलं की स्तोत्र पाठ. यातून पाठांतर होतं, नाही असं नाही. पण पवित्र शास्त्र हातात घेतलं की आपण काहीतरी चुकलोय, असंही मूल शिकतं. ‘देव बघतोय हं’ ही धमकीही त्यातलीच. वरणभात संपवण्यासाठी देवाला कामाला लावू नये!

छडीबद्दलचं नीतिसूत्र बहुतेक बापांना तोंडपाठ असतं. शास्त्रातल्याच इफिसकरांस पत्रात प्रेषित पौलाने बापांनाच उद्देशून मुलांना चिरडीस आणू नका असं लिहिलंय, ते मात्र आठवत नाही. चुकीची भरपाई चुकीशी जोडलेली असावी: सांडलं तर पुसायचं, मारलं तर जवळ बसून समजूत काढायची. वचनं रात्री, दिवा मालवायच्या आधी, लाडात म्हणायची. तुमचं मूल कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी पळून जात असेल, तर आधी प्रार्थनेची लांबी बघा. चार वर्षांच्या मुलाला एक गाणं, येशूचा एक दाखला (बोधकथा) आणि त्याच्या स्वतःच्या दोन वाक्यांची प्रार्थना भरपूर झाली. पेरणाऱ्याचा दाखला कुंडीत मेथी पेरून सांगा, तोही एकदम नाही, आठवडाभर.

वाचनाची सुरुवात शास्त्रापासून?

हेतू चांगला, पण मराठीत हे जमत नाही. पवित्र, शास्त्र, ख्रिस्त, प्रार्थना, प्रभू: पहिल्याच पानावर जोडाक्षरांची रांग. त्यात जुन्या भाषांतराची वाक्यरचना. मूल अडखळतं, आपण चिडतो. आधी बदक, कमळ, मग काना-मात्रा पक्क्या करा. जोडाक्षरं सावकाश येऊ द्या. तोवर शास्त्र तुम्ही वाचा, त्याने ऐकावं. कानासाठी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आहेतच. अर्थ सगळा कळला नाही तरी ताल आणि शब्द मुरतात.

परदेशी ख्रिस्ती अभ्यासक्रमाचे संच मागवणाऱ्यांनी जरा थांबावं. अमेरिकी संचात इंच, पौंड, डॉलर आणि तिकडचे राष्ट्राध्यक्ष असतात. आजीशी मराठीत बोलता न येणारं मूल घडवायला एवढा खर्च कशाला?

सोबत्यांचा प्रश्न सगळेच विचारतात. संडेस्कूल, म्हणजे चर्चमधला रविवारचा मुलांचा वर्ग, हे उत्तर अपुरं आहे, कारण ते आठवड्यातून एकदाच आणि सगळी मुलं आपल्यातलीच. संध्याकाळी मुलाला खाली खेळायला सोडा. दिवाळीत सोसायटीतली पोरं किल्ला करतात तेव्हा मातीत हात घालू द्या. नाताळात त्याच पोरांना येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाणी करायला घरी बोलवा. आणि बाबांनो, ‘शिकवणं हिचं खातं’ हे चालणार नाही. किमान गोष्ट आणि गणित यांतलं एक तुमच्याकडे घ्या.

कागदपत्रांचा आळस

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे आणि सगळा शाळेभोवती रचलेला आहे. घरशाळेसाठी त्यात वेगळी चौकट नाही. म्हणून पुढची वाट आधीच बघून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत. तिच्या दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण लागतात.

बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर विसंबू नका. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला हवाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच लागतो. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे ना, हेही आत्ताच तपासा. घरात ‘योहान’ आणि कागदावर ‘जॉन’ असा घोळ आपल्याकडे फार होतो, आणि तो नेमका परीक्षेच्या अर्जाच्या वेळी उघडकीस येतो.