स्पोर्ट सेडान बदलायची की ठेवायची? आधी जुनी गाडी ठीक करा, मग ठरवा

गाडी बदलायचा विचार बहुधा दोनच दिवशी डोक्यात शिरतो. एक, मेकॅनिकने मोठं बिल हातात ठेवलेलं असतं तेव्हा. दोन, कुणाच्या तरी नव्याकोऱ्या गाडीत बसून आलेलो असतो तेव्हा. या दोन्ही दिवशी काहीही ठरवू नका. निदान महिना जाऊ द्या.

मी आजवर चार सेडान वापरल्या, तीन वेळा बदलल्या आणि त्यातली एक चुकीच्या कारणासाठी विकली. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारायला येतात आणि प्रत्येकाच्या कानावर तीच दोन वाक्यं आधीच पडलेली असतात: ‘खर्च गाडीच्या किमतीच्या अर्ध्यावर गेला की काढून टाकावी’ आणि ‘जुन्या गाड्यांची मजा नव्यांत नाही’. पहिलं वाक्य हिशेबातच चुकीचं आहे. दुसरं काही गाड्यांना लागू पडतं, काहींना अजिबात नाही. स्वतःची गाडी नीट तपासल्याशिवाय यातलं कुठलंही वाक्य कामाचं नाही.

पहिली पायरी: कारण एका वाक्यात लिहा

‘कंटाळा आला’ हेही कारण चालतं, पण ते कागदावर तसंच लिहा. कंटाळ्याला ‘सुरक्षितता’ असं नाव देऊ नका.

दुसरी पायरी: गाडी लिफ्टवर घ्या

पैसे खर्च करण्याआधी खालून बघा. सिल (दरवाजांखालची पट्टी), सबफ्रेम (चाकांची जोडणी पेलणारी खालची चौकट) आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं तिथे गंज आतपर्यंत गेला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, गाडी बदला. आपल्या मॉडेलची ठरलेली दुखणी माहीत करून घ्या. बीएमडब्ल्यू थ्री सिरीजच्या ई४६ या जुन्या पिढीत मागची सबफ्रेम जिथे बसते तिथला फ्लोअरचा पत्रा तडकू शकतो. इंजिन कितीही गोड चालत असलं तरी त्या गाडीत हे आधी बघायचं. मग इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या आणि चेसिस नंबरवरून कुठला रिकॉल, म्हणजे दोष काढायला कंपनीने गाडी परत बोलावलेली, बाकी आहे का ते तपासा. टाकाटा कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचा (एअरबॅग फुगवणाऱ्या भागाचा) रिकॉल अनेक कंपन्यांच्या गाड्यांना लागू होता. तो बाकी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते काम करून घ्या.

याच टप्प्यावर सुरक्षेचाही प्रामाणिक विचार करा. गाडीत स्थिरता नियंत्रण म्हणजे ईएससी, घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा, नसेल आणि घरातली नवशिकी मंडळी ती चालवणार असतील, तर मी बदला असंच सांगेन. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा रोजच्या गर्दीत खरोखर उपयोगी पडते. जुन्या गाडीत ती मागाहून बसवणं व्यवहारात जमत नाही.

तिसरी पायरी: जुनी गाडी मूळ अवस्थेत आणा

सगळा निर्णय इथे अडतो, आणि ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. मीही गाळली होती.

माझी सेडान तेव्हा दहा वर्षांची होती. वेगात पुढचा भाग तरंगल्यासारखा वाटायचा, खड्ड्यातून गेलं की धाडकन आवाज यायचा, स्टिअरिंग सरळ धरूनही सारखं किंचित इकडेतिकडे करावं लागायचं. मी समजले, गाडीचं वय झालं. त्याच मॉडेलच्या नव्या पिढीची टेस्ट ड्राइव्ह घेतली. गाडी घट्ट, शांत, सांगितलं तिथे वळणारी. आठवड्याभरात जुनी विकून मी मोकळी झाले.

आठ महिन्यांनी नवे मालक राहिलेली दुसरी किल्ली न्यायला आले आणि त्यांनी आग्रह करून मला ती गाडी चालवायला दिली. पहिल्याच वळणात कळलं की काय विकलं. त्यांनी चार टायर, चार शॉकअप, पुढच्या लोअर आर्मचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) आणि इंजिन माउंटिंग बदलून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, केली होती. इतकंच. सगळा खर्च माझ्या नव्या गाडीच्या चार हप्त्यांपेक्षा कमी होता. गाडी म्हातारी झालीच नव्हती, तिचं रबर म्हातारं झालं होतं. आणि मी झिजलेल्या गाडीची तुलना कोऱ्या गाडीशी करून बसले होते.

झीज आपल्या लक्षात येत नाही कारण ती रोज थोडी थोडी होते. शॉकअप एका दिवसात मरत नाही. आतलं तेल आणि सील हळूहळू दाद देईनासे होतात, आणि आपले हात तितकेच हळूहळू सवय करून घेतात. म्हणून ‘मला तर अजून बरी वाटते’ किंवा ‘आता ती पूर्वीसारखी राहिली नाही’ या दोन्ही मतांवर माझा भरवसा नाही. गाडी आधी ठीक करा, मग मत बनवा.

क्रम असा ठेवा. सुरुवात टायरपासून. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर येणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर वयाने कडक होतं, आणि कडक टायरवर कुठलीही स्पोर्ट सेडान बोथटच लागते. सहा वर्षांपुढच्या टायरवर मी गाडीबद्दल मत देतच नाही. मग बुश आणि बॉल जॉइंट. मग शॉकअप, एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही एकदम, वरच्या माउंटिंगसकट. मग इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, कारण आधीच्या प्रत्येक कामाने कोन बदलतात. आधी अलाइनमेंट करून मग आर्म खोलणाऱ्याकडे गाडी परत नेऊ नका.

बुश बसवताना एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना, किंवा जॅक लावून सस्पेन्शन त्या उंचीला आणून. चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. माझे एक जोडी बुश असेच गेले. मेकॅनिकने पार्टला दोष दिला, पार्ट चांगला होता.

सुटे भाग मूळ मापाचेच घ्या. ‘एवढं खोललंच आहे तर’ म्हणून गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि पॉलियुरेथेनचे कडक बुश टाकायचा मोह होतो. या टप्प्यावर तो टाळा. नाहीतर तुम्ही जुनी आणि नवी सोडून तिसऱ्याच गाडीची तुलना करत बसाल. इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील तर साधे बसवू नका, डॅशबोर्डवर इशारे येत राहतात. एक अपवाद मी मोकळ्या मनाने सुचवते: गाडी रन-फ्लॅट टायरवर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या) आली असेल तर साधे टायर लावून बघा. रन-फ्लॅटच्या बाजू जाड आणि ताठ असतात. साध्या टायरवर अशी गाडी खड्ड्यांत कितीतरी सुसह्य होते. मात्र अशा गाड्यांत स्टेपनी बहुधा नसते, म्हणून पंक्चर किट आणि पंप डिकीत ठेवा.

‘विकायचीच असेल तर हा खर्च वाया नाही का?’ हा प्रश्न येतोच. थोडा परत मिळतो, सगळा नाही. उरलेला मी निर्णयाची फी समजते. अजिबात करायचा नसेल तर किमान टायर आणि अलाइनमेंट करा. तेवढ्यानेही अर्धं चित्र बदलतं. मग हजार किलोमीटर चालवा. शोरूमची पायरी त्यानंतरच चढा.

चौथी पायरी: टेस्ट ड्राइव्ह

एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, आधी स्वतःची, मग नवी, मग पुन्हा स्वतःची. शेवटची फेरी सर्वात महत्त्वाची. परत स्वतःच्या गाडीत बसल्यावर काय खटकतं तेच तुमचं खरं उत्तर. शोरूमवाले त्यांच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर नेतात. तुमच्या रोजच्या खराब रस्त्यावर नेऊ देत नसतील तर तेच मॉडेल दोन दिवस भाड्याने घ्या. पंधरा मिनिटांत फक्त पिकअप कळतो, आणि पिकअपच सगळ्यात जास्त फसवतो.

कसं ते थ्री सिरीजच्या ई४६ आणि बऱ्याच नंतरच्या जी२० या दोन पिढ्यांतल्या ३३०आय या मॉडेलमध्ये दिसतं. जुनीत तीन लिटरचं सहा सिलिंडरांचं टर्बोशिवायचं इंजिन: ताकद २३१ पीएस, आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क ३,५०० आरपीएमला. नवीत दोन लिटरचं चार सिलिंडरांचं टर्बो: २५८ पीएस, पण ४०० न्यूटन-मीटर सुमारे १,५५० आरपीएमपासूनच. नवी जागेवरून असा दणका देते की जुनी तिच्यापुढे मंद वाटते. नवी वेगवान आहेच, त्यात खोट नाही. पण ती जोर सुरुवातीलाच देऊन टाकते, जुनी तो चढत्या आरपीएमबरोबर देत जाते. यातलं तुम्हाला काय आवडतं हे सिग्नलवरून एकदा सुटून कळणार नाही. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिनचा आवाज स्पीकरमधून मिसळलेला असतो. तो बंद करता येत असेल तर बंद करा. मोड नॉर्मलच ठेवा, कारण रोज तुम्ही त्याच मोडमध्ये चालवणार आहात.

स्टिअरिंगकडे वेगळं लक्ष द्या. ई४६मध्ये हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, होतं, नव्या पिढ्यांत इलेक्ट्रिक आहे. नव्या स्टिअरिंगने गाडी नेमकी वळते, पण पुढच्या चाकांखाली काय चाललंय ते हातांना कमी कळतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या बहिणीला अजिबात नाही, आणि तिच्यासाठी तिचंच बरोबर आहे.

मापं टेपने घ्या. तीच थ्री सिरीज ई४६ ते जी२० या प्रवासात २३८ मिलिमीटरने लांब आणि ८८ मिलिमीटरने रुंद झाली. गेट, पार्किंग, अरुंद गल्ली हे सगळं गाडी घेण्याआधी मोजायचं, आरशांची रुंदीही जमेस धरून.

नाव तेच म्हणून गाडी तीच असं मानू नका. मर्सिडीज सी६३च्या आधीच्या पिढीत चार लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन होतं. २०२२ साली आलेल्या पिढीत दोन लिटरचं चार सिलिंडर आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर आहे. ताकद ६८० पीएस, वजन दोन टनांच्या वर. बीएमडब्ल्यू एम५ची २०२४ची प्लग-इन हायब्रिड (इंजिनाबरोबर चार्ज करायची बॅटरीही असलेली) पिढी आधीच्या पिढीपेक्षा अर्ध्या टनाहून जास्त जड आहे. सरळ रस्त्यावर ताकद हे वजन झाकते. वळणात आणि ब्रेक लावताना ते टायर आणि डिस्कनाच पेलावं लागतं, आणि बदलायची वेळ येते तेव्हा ते भाग महाग पडतात.

आणखी एक: डेमो गाडीला बहुतेकदा सर्वांत मोठे रिम आणि वरचं सस्पेन्शन असतं. तुम्ही घेणार ते व्हेरिएंट मागा. रात्रीही एकदा चालवा. नव्या हेडलाइट्समध्ये झालेली सुधारणा खरी आहे आणि ती दिवसा दिसत नाही.

पाचवी पायरी: हिशेब

आता ते ‘अर्ध्या किमतीचं’ वाक्य. दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या बाजारभावाशी ताडून बघायचाच नसतो. तो ताडायचा नवी गाडी वापरण्याच्या खर्चाशी.

उदाहरणाला सोपे आकडे धरू. नवी १०० ला येते, पाच वर्षांनी ४५ ला जाते: घसारा ५५. जुनी आज २० ची, पाच वर्षांनी १० ची: घसारा १०. तिच्यावर दरवर्षी ६ प्रमाणे दुरुस्ती ३०, आणि गिअरबॉक्ससारखं एखादं मोठं काम निघालं तर आणखी ८. एकूण ४८. म्हणजे गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळजवळ दुपटीएवढा पैसा दुरुस्तीत घालूनही जुनी ७ ने स्वस्तच. नवीच्या ५५ मध्ये कर्जाचं व्याज आणि जास्तीचा विमा अजून धरलेला नाही. तुमचे आकडे वेगळे असतील. तेच घाला, पण मांडणी हीच ठेवा. त्यातून जो वार्षिक फरक निघेल, तो नव्या गाडीसाठी आनंदाने द्याल का, एवढाच प्रश्न उरतो. फरक परवडत असेल आणि शेवटच्या फेरीत स्वतःची गाडी खरोखर फिकी वाटली असेल, तर खुशाल बदला. मी तिसऱ्यांदा तसंच केलं आणि मला पस्तावा नाही.

हप्ता बसतो की नाही यावरून ठरवू नका. मुदत वाढवली की कुठलाही हप्ता बसतो.

नवी आणि जुनी यांच्यामधली वाटही तपासा: आधीच्या पिढीची, शेवटच्या वर्षांतली, तीन-चार वर्षं वापरलेली गाडी. पहिला मोठा घसारा दुसऱ्याने सोसलेला असतो आणि त्या पिढीच्या सुरुवातीच्या तक्रारी कंपनीने बहुधा निस्तरलेल्या असतात. तपासणी मात्र दुसऱ्या पायरीसारखीच, लिफ्टवर.

सहावी पायरी: ठरल्यावर

ठेवायची ठरली तर नव्याच्या हप्त्याचा एक तृतीयांश दरमहा वेगळा टाका, त्यातूनच दुरुस्ती करा आणि वर्षभर हा विषय बंद. विकायची ठरली तर एक्स्चेंजचा भाव आणि थेट ग्राहकाचा भाव दोन्ही काढा, सगळी बिलं एका फाइलमध्ये लावा, आणि दुसरी किल्ली गाडीबरोबरच द्या.