शेतातल्या शिलास्तंभाची नोंद आणि संरक्षणाचा अर्ज

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळं अभ्यासकांना ठाऊक आहेत. बांधावरचा एकटा उभा दगड, म्हणजे प्राचीन काळी माणसांनी स्मारक म्हणून रोवलेला शिलास्तंभ, मात्र जेसीबी येईपर्यंत कुणाच्या कागदावर नसतो.

आधी ओळख. कलश, घोडेस्वार, चंद्रसूर्य कोरलेले असतील तर तो वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड) किंवा गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड), म्हणजे मध्ययुगीन. शिलास्तंभ बहुधा अनघड असतो. शेंदूर फासलाय म्हणून बाद करू नका. पूजा करणाऱ्यांना विचारून पुढे जा. आसपास काळी-तांबडी खापरं दिसली तर शक्यता बळावते. ती उचलू नका, जागेवरच फोटो घ्या.

जमिनीवरची उंची, बुंध्याची रुंदी-जाडी आणि कल लिहा. होकायंत्र दगडाला टेकवू नका. बेसॉल्टमधल्या लोहखनिजाने सुई भरकटते. चार-पाच मीटर मागून दगडाची दिशा मोजा. फोनवरचे अक्षांश-रेखांश काही मीटर चुकतात, म्हणून विहिरीपासूनचं अंतर टेपने मोजून जोडा. कोरीव खळगे सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात, त्यावर खडू फिरवायची गरज नाही.

खरी नासधूस बुंध्याशी होते, आणि तीही बहुतेकदा हौसेपोटी. ‘किती खोल आहे’ बघायला खणलं की दगड कलतो. शिवाय उभा करताना खड्ड्यात ठोकलेले पाचरीचे दगड, कोळसा, खापरं हाच काळ ठरवायचा पुरावा; माती एकदा उलटली की तो संपला. सिमेंटचा ओटा त्याहून वाईट: पाणी अडतं, क्षार वर चढतात, जमिनीलगत पापुद्रे सुटतात. ऑइलपेंट आणि तारेचा ब्रशही नको. धसकटं जवळ जाळली तर तापून कपच्या उडतात. नांगर निदान तीन मीटर लांब ठेवा.

नोंद, फोटो, सातबारा, गटाचा नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव जोडून अर्ज राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात द्या. प्रत तहसीलदारांना, दोन्हीकडची पोच घ्या. १९६० च्या राज्य कायद्यानुसार आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने असतात, मग अंतिम.

ठराव बहुधा बांधकामबंदीच्या धास्तीने अडतो. १०० मीटर बंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रण ही तरतूद केंद्रीय कायद्यात २०१० साली आली, केंद्र-संरक्षित स्मारकांसाठी. तुमच्या दगडाला काय लागू होईल ते कार्यालयाकडून लेखी घ्या, आणि संरक्षणाने मालकी आपोआप जात नाही हे शेतमालकाला सभेच्या आधीच घरी जाऊन सांगा.