शाळेचा जुना मेन बोर्ड बदलताय? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात शाळांचे बोर्ड बदलायची कामं मी बरीच वर्षं करतोय आणि दर मे महिन्यात तेच बघतोय. लाकडी फळी, त्यावर चिनीमातीचे किटकॅट (तारेचे जुने फ्यूज), फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी घातलेली जाड तांब्याची तार. ते सगळं उपसायचं, एमसीबीचा (जास्त करंट गेला की आपोआप पडणारी बटणं) चकाचक डीबी, म्हणजे वाटणीचा डबा, भिंतीवर ठोकायचा, की हेडमास्तर खूश, एसडीएमसीवाले (शाळेची समिती) पण खूश. पण डबा नवा झाला म्हणून आतली वायरिंग नवी होत नाही हो. आणि सगळ्यात जास्त हेळसांड होते ती न्यूट्रलची, करंट परत नेणाऱ्या काळ्या तारेची. करंट आणणाऱ्या फेजला सगळे घाबरतात, काळ्या तारेला कोण विचारतोय.

खानापूरकडच्या एका शाळेत एका पोरानं दोन दिवसांत थ्री फेज बोर्ड बसवून दिला. वायरी सुबक वळवलेल्या, बघायला झकास. शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात मला फोन, कॉम्प्युटर रूममधनं धूर येतोय. जाऊन मीटर लावला तर कॉम्प्युटरच्या फेजवर ३४० व्होल्ट, वर्गातल्या पंख्यांच्या फेजवर १२०, पंखे कसेबसे फिरतायत. मेन बंद करून न्यूट्रल लिंक (सगळ्या न्यूट्रल जिथं जोडतात ती पट्टी) बघितली, मेन न्यूट्रल दोन बोटांनी ओढली तर हातात आली. स्क्रू तांब्यावर नाही, इन्सुलेशनवर आवळलेला. न्यूट्रल सुटली की वेगवेगळ्या फेजवरचे लोड एकमेकांच्या सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) येतात आणि दोन फेजमधल्या ४१५ व्होल्टची आपसात वाटणी होते, ज्या फेजवर लोड कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. एमसीबी पडली का नाही असं हेडमास्तर विचारत होते, पण एमसीबीला करंट कळतो, व्होल्टेज कळत नाही. सहा कॉम्प्युटर गेले, गावानं वर्गणी काढून घेतलेले. अजून आठवलं की पोटात तुटतं.

तेव्हापासून माझी सवय एकच. न्यूट्रल जोडताना सगळ्यात आधी, काढताना सगळ्यात शेवटी. मेन न्यूट्रलला क्रिम्प केलेली लग (तारेच्या टोकावर दाबून बसवलेलं धातूचं टोक), आणि आवळल्यावर प्रत्येक तार ओढून बघायची. मग बाकी सगळ्या एमसीबी बंद ठेवून एकाच फेजवर हॅलोजन लावतो आणि तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजतो, २३० च्या आसपास टिकून राहिले तरच पुढचं काम.

दुसरी चूक आरसीसीबीची, म्हणजे करंट गळतोय असं दिसलं की लाइन पाडणाऱ्या स्विचची. जुन्या इमारतीत व्हरांड्याच्या ट्यूबला फेज एका वर्गातनं आणि न्यूट्रल जवळ पडते म्हणून दुसऱ्याच वर्गातनं घेतलेली असते. किटकॅटवर ते वर्षानुवर्षं चाललं, पण आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघते, ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की पडणारच. मग घाईतला गडी म्हणतो आरसीसीबीच खराब, आणि तिला बायपास करतो. अरे बाबा, ती तर सांगतेय की तुझी न्यूट्रल चुकलीय! तिला बायपास करून ओल्या भिंतीला हात लावणारी लहान पोरं आपण वाऱ्यावर सोडतो, मला हे अजिबात चालत नाही.

यावर उपाय म्हणजे कंटाळवाणं काम. लाइन पूर्ण बंद, न्यूट्रल सगळ्या लिंकमधनं सुट्या, सगळी बटणं बंद. एका सर्किटला १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावायचा, फक्त त्याचंच बटण चालू करायचं, आणि त्या फेजपासून एकेका न्यूट्रलला मल्टीमीटर लावत जायचं. जिथं ४० ओहमच्या आसपास दाखवेल ती त्याची जोडीदार. दोघींना टेपवर एकच नंबर. बारा सर्किटला माझी अख्खी सकाळ जाते आणि मी ती जाऊ देतो.

बाकीचं पटकन सांगतो. एमसीबी पडते म्हणून मोठी घालू नका, १.५ स्क्वेअर एमएमच्या तारेवर ३२ अँपिअर घातली तर आधी तार जळेल, मग एमसीबी पडेल. लाइटला ६ किंवा १०, बास.

मेन स्विच पाडला तरी इनकमिंगला (बाहेरून येणाऱ्या तारांना) करंट असतोच, हेस्कॉमला (इथली वीज कंपनी) अर्ज देऊन पोलवरनं लाइन काढून घ्या, मीटरच्या सीलला हात लावू नका, आणि काम लायसन्सवाल्याकडनंच. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारायच्या आधी एलईडी, स्मार्ट टीव्ही, यूपीएस सगळं सोडवा, ५०० व्होल्ट त्यांना झेपत नाही. अर्थिंग नळाच्या पाइपला तर नकोच, हल्ली मधे कुठंतरी प्लास्टिकचा तुकडा असतोच असतो. अक्षर दासोहाच्या (पोरांच्या दुपारच्या जेवणाच्या) स्वयंपाकखोलीशेजारी बोर्ड ठेवू नका, धूर आणि वाफ आत जाते.

लेबल मराठीत आणि कन्नडात, दोन्हीत लिहा. शिपाई एक वाचतो, लाइनमन दुसरं.

आणि जुन्या वायरी अॅल्युमिनियमच्या असतील तर त्या स्क्रूखाली हळूहळू दबतात, आज घट्ट बसवलेली दोन महिन्यांत सैल होते, जॉइंट तापतो. म्हणून गणपतीच्या सुट्टीत मी परत जातो, मेन पाडून सगळे स्क्रू एकदा आवळून येतो. त्या फेरीचे पैसे मेच्या बिलातच धरलेले असतात, हेडमास्तरांना तेव्हाच सांगून ठेवतो.