आकाशवाणी पुणे : माइकसमोर बसण्याआधी ओळखून घ्यावीत अशी माणसे

आकाशवाणीवर नैमित्तिक, म्हणजे गरजेनुसार बोलावले जाणारे, निवेदक होण्याची इच्छा असलेले तरुण भेटतात, तेव्हा त्यांचे बहुतेक प्रश्न आवाजाविषयीचे असतात. स्वरचाचणीत काय वाचायला देतात, आवाज कसा कमवावा, लेखी परीक्षेत काय विचारतात, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. अपरिचित मजकूर पहिल्याच वाचनात अर्थासह वाचता यावा यासाठी रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचावा, ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च निराळे ऐकू यावेत, गायक, वादक आणि रागांची नावे अचूक उच्चारता यावीत, इतके मी सांगते. ही तयारी कोणीही मेहनती माणूस करू शकतो. परंतु ज्या केंद्रावर आपण बोलणार आहोत ते कोणी उभे केले, याची चौकशी फार थोडे जण करतात. मला मात्र ती तयारीचाच भाग वाटते, आणि पुणे केंद्रावर काम करताना मी जे शिकले त्याचा मोठा वाटा त्या चौकशीतून आलेला आहे.

पुणे केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र त्याआधी पाव शतकाहून अधिक काळ चालू होते, त्यामुळे पुण्याला आपली स्वतंत्र ओळख कामातूनच निर्माण करावी लागणार होती. ती कशी निर्माण झाली, हे नवोदितांनी ‘गीतरामायणा’च्या निर्मितीतून समजून घ्यावे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ही दोन नावे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहेत. परंतु वर्षभर दर आठवड्याला रामकथेवरचे एक नवे गीत प्रसारित करावे, ही कल्पना ज्यांनी मांडली आणि तडीस नेली ते सीताकांत लाड त्या वेळी पुणे केंद्रावर कार्यक्रमांचे काम पाहत होते, आणि त्यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी पहिले गीत प्रसारित झाले, तेव्हा केंद्र जेमतेम दीड वर्षाचे होते. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली.

या संख्येकडे श्रोता कौतुकाने पाहतो, तर प्रसारणाच्या कामात पडणाऱ्याने तिच्याकडे थोडे धास्तीनेच पाहावे, असे मला वाटते. दर आठवड्याला गीत लिहून हाती यायचे, त्याला चाल लागायची, त्या गीताला शोभेल असा गायक किंवा गायिका ठरायची, वादकांसह तालीम व्हायची, ध्वनिमुद्रण व्हायचे आणि शुक्रवारची सकाळ कोणासाठीही थांबायची नाही. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, मालती पांडे असे अनेक आवाज या मालिकेत आले आणि प्रभाकर जोग यांचे व्हायोलिन तिच्या वाद्यमेळात होते. इतक्या गुणी माणसांच्या वेळा जुळवणे, स्टुडिओ मोकळा ठेवणे, करारपत्रे वेळेत पाठवणे ही कामे श्रोत्याच्या कानावर कधीच पडत नाहीत. आज कार्यक्रम अधिकारी एखाद्या मुलाखतीची वेळ ठरवण्यासाठी तुम्हाला चार ठिकाणी दूरध्वनी करायला सांगतील, तेव्हा ते काम निवेदनापेक्षा कमी प्रतीचे मानू नये. लाड यांचे मोठेपण अशाच कामांतून उभे राहिले होते.

राम फाटक यांचेही केंद्राशी असेच घट्ट नाते होते. संगीत विभागात काम करताना त्यांनी बांधलेल्या चाली आणि भीमसेन जोशी यांच्याकडून त्यांनी गाऊन घेतलेले अभंग आज घराघरांत आहेत. व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात दीर्घकाळ होते. शेतकऱ्याशी त्याच्याच बोलीत, परंतु त्याला कमी न लेखता बोलण्याची जी रीत आकाशवाणीने जोपासली, तिच्यामागे त्यांच्यासारखे लेखक होते. शेतीविषयक कार्यक्रम करायला मिळणे म्हणजे दुय्यम काम, असा समज नव्या मुलांमध्ये आढळतो, त्याचे मला मनापासून वाईट वाटते. हवामान, बाजारभाव आणि पिकावरील रोग यांची माहिती ज्याच्या निर्णयाला उपयोगी पडणार आहे, तो आपला सर्वांत गंभीर श्रोता असतो.

प्रादेशिक बातम्यांचा विचार केला की एका संपूर्ण पिढीला सुधा नरवणे यांचा आवाज आठवतो. बातमीत स्वतःची भावना न मिसळता तिचे गांभीर्य पोहोचवणे त्यांच्या वाचनातून शिकण्यासारखे आहे, म्हणून जुनी ध्वनिमुद्रणे मिळतील तिथे ती लक्षपूर्वक ऐकावीत. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून ते काम अन्यत्र हलवण्याचा निर्णय झाला, तेव्हा पुणेकरांनी त्याला विरोध केला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. इतक्या वाहिन्यांच्या गर्दीतही ही आस्था टिकून राहिली, कारण त्या बातम्यांवरचा विश्वास माणसांनी वर्षानुवर्षे कमावलेला होता.

ज्यांची नावे कोणत्याही ग्रंथात सापडत नाहीत, त्यांच्याविषयी मला अधिक सांगायचे आहे. मी काम सुरू केले तेव्हा पाव इंची ध्वनिफितींचा काळ होता. सभा, म्हणजे प्रसारणाचे सत्र, सुरू होण्याच्या बऱ्याच आधी ड्यूटी रूममध्ये पोहोचायचे, क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा दाखवणारा तक्ता, तपासायची, फिती क्रमाने लावून घ्यायच्या आणि प्रत्येकीचा आरंभ ऐकून पाहायचा, ही शिस्त मला तेथील ड्यूटी ऑफिसरांनी लावली. ग्रंथालयातील एक कर्मचारी फितीच्या खोक्यावरील पुसट अक्षरांवरून ध्वनिमुद्रणाचा काळ ओळखत असत. नियंत्रण कक्षातील अभियंते काचेपलीकडून बोटाने खूण करत आणि त्या खुणेवर माझा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, वर जात असे. निलय कलाकारांपैकी, म्हणजे केंद्राच्याच नोकरीत असलेल्या कलाकारांपैकी, एका ज्येष्ठ तबलावादकांनी मला सांगितले होते की, गाणे संपल्यावर लगेच बोलू नये, शेवटचा स्वर विरू द्यावा. निवेदनाचा इतका उपयुक्त धडा मला दुसऱ्या कोणी दिला नाही. आता फितींची जागा संगणकाने घेतली असली, तरी लॉगबुक, म्हणजे प्रसारणाची नोंदवही, नेटके लिहिणे आणि पुढचा कार्यक्रम आला नाही तर वाजवायला फिलर तयार ठेवणे ही कामे तशीच आहेत.

यांतील अनेक जण निवृत्त झाले आहेत आणि काही आपल्यात नाहीत. म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, केंद्रावर रुळल्यानंतर एखाद्या निवृत्त सहकाऱ्याची, विशेषतः तंत्रज्ञाची किंवा वादकाची, वेळ घेऊन त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. ‘तुमच्या आठवणी सांगा’ असे म्हटले की माणूस दोन वाक्यांत आटोपतो. त्याऐवजी स्टुडिओत कोण कुठे बसत असे, वीज गेली की काय करत, नभोनाट्यातील पावसाचा आवाज कशाने काढत, पहिल्या सभेसाठी पहाटे कसे पोहोचत, असे नेमके प्रश्न विचारावेत. त्यांनी उल्लेखलेल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि कामाचे स्वरूप तिथेच विचारून लिहून घ्यावे. त्यांची संमती घेऊन मुद्रणाची एक प्रत केंद्राच्या ग्रंथालयात द्यावी, दुसरी त्यांच्या कुटुंबाकडे ठेवावी, आणि मुद्रणाच्या आरंभी तारीख व स्थळ स्वतःच्या आवाजात स्पष्ट नोंदवावे.